पिवळा कुर्ता

आमच्याकडे बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, आणि तेही चारजणींनी दार अडवल्यावर. ही गोष्ट सांगताना मी ते सरळ घेणार आहे. कोणाला लाज वाटली तर त्याने कान झाकावेत. माझ्या नवऱ्याचं नाव देवराम. टोकावड्याच्या अलीकडे डांबरी सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथे कोणालाही विचारा, देवराम कोण? ज्याचा हात आधी चालतो आणि तोंड मागून, तो, असं सांगतील.

मी सकुबाई, त्याची बायको. त्या हाताची सगळ्यात जास्त ओळख मला. भात करपला की हात, बैल बसला की हात, आणि पाळणा हलला नाही म्हणून तर सणावारीही हात. एकदा बैलाने जोत्यावर नाठाळपणा केला, तर देवरामने त्याच्या शिंगावर पहार घातली. शिंग मुळातून निघालं. बैल उन्हात रक्त गाळत उभा राहिला, हंबरलासुद्धा नाही. मी त्या भोकात हळद दाबत होते आणि देवराम बाजूला उभा राहून म्हणाला की बैल गुणी आहे. असा हा माणूस. मारून झाल्यावर त्याला समोरच्याचे गुण दिसतात.

या माणसाने जन्मात एकाच जीवावर कधी हात उगारला नव्हता, तो जीव म्हणजे मनस्वी. त्याचा चुलतभाऊ साईनाथ आणि माझी जाऊ राही, त्यांची ही एकुलती लेक. त्यांचं घर आणि शेत बांधापलीकडे. राही बाळंतपणात अंथरुणाला खिळली तेव्हा ही पोर माझ्या पाठीला बांधलेली असायची आणि मी भेंडी तोडायचे. पुढे विहिरीत पोहायला तिला देवरामनेच शिकवलं. पोर मोठी होत गेली तसा तिला एक उद्योग लागला. आमच्या घरातून आवाज आला की ती बांध ओलांडून धावत यायची आणि मधे उभी राहायची. बोलायची काही नाही, नुसती उभी राहायची. देवरामचा वर गेलेला हात हळूच खाली यायचा. माझी कितीतरी हाडं त्या पोरीने वाचवली आहेत.

तिचं लग्न ठरलं ते वाशिंदच्या मुलाशी. नाव प्रणय, तिथल्याच कारखान्यात कामाला, शांत, बोलायच्या आधी विचार करणारा. मला त्याचं नवलच वाटलं. पुरुष असाही असतो हे मी पन्नाशीला टेकताना पाहत होते.

आता भेंडीचं सांगते, कारण सगळं तिथूनच पेटलं. आमच्या मुरबाड-शहापूरकडे भात निघालं की त्याच वावरात भेंडी पडते. टोकावड्याला गाडी येते, सरळ, कोवळी, हिरवीगार भेंडी निवडून घेते आणि ती म्हणे परदेशात जाते. वाकडी, जून, पिवळट भेंडी गाडीवाला हातात धरून बघतही नाही, मागे भिरकावतो. तोडणी बायकांची. हाताला जुने मोजे चढवायचे, कंबरेला पिशवी बांधायची आणि उन्हं चढायच्या आत ओळी उरकायच्या. देवरामची भेंडी टापूत एक नंबर, असं तो सांगायचा. तोडायची मी, पण नंबर त्याचा.

यंदा साईनाथच्या वावरात केवडा आला. शेतकरी या रोगाला केवडा म्हणतात, पण त्यात केवड्याचं काही नाही. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात. मग शिरांचं जाळं होतं, मग अख्खं पान पिवळं, आणि भेंडी लागते ती पांढरट, बुटकी, काठीसारखी टणक. झाड मरत नाही, तसंच रोगट उभं राहतं. राहीने पहिलं पान मला आणून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा पानापेक्षा पिवळा होता.

कृषी खात्याचा माणूस येऊन गेला. त्याने पान उलटून दाखवलं. खाली तांदळाच्या कणीएवढ्याही नसतील अशा पांढऱ्या माश्या चिकटलेल्या. झाड हलवलं तर राख उडावी तशा उडाल्या. त्याने सांगितलं ते मी नीट ऐकलं. ही माशी पानात सोंड खुपसते आणि रस ओढते. रोगी झाडाचा रस पोटात गेला की ती माशी मरेपर्यंत रोग बाळगते, आणि पुढे ज्या ज्या निरोगी पानात सोंड खुपसेल त्याला रोग देते. पानावर रोग दिसायला पंधरवडा जातो, तोवर झाड वरून धडधाकट. औषध नाही. रोगी झाड उपटून पुरायचं, एवढाच इलाज. आणि या माशीला पिवळा रंग फार आवडतो, म्हणून त्याने दोन्ही घरांना चिकट पिवळे कागद दिले, काठीला बांधून वावरात लावायला.

देवरामने ते कागद मोठ्या हौसेने लावले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर माश्या अशा बसल्या होत्या की पिवळा रंग दिसेना. येईल-जाईल त्याला तो नेऊन दाखवायचा. म्हणायचा, पिवळं दिसलं की या रांडा आंधळ्या होतात. फवारणीही त्याने अशी केली की आमच्या वावरातले कोळीसुद्धा मेले, बांधावर चिमण्या उलथ्या पडल्या. मला दोन दिवस डोकं वर करता येईना. पण आमची भेंडी हिरवी राहिली, आणि त्याने साईनाथकडे मोर्चा वळवला.

झाडं आजच्या आज उपट, असं त्याने सांगितलं. साईनाथ अडला. त्याच्या दारात मुहूर्तमेढ रोवली गेली होती. आमच्या भावकीत मेढ रोवल्यापासून मांडव उतरेपर्यंत त्या घरच्या वावरातलं उभं झाड उपटत नाहीत. पोरीच्या संसाराचं मूळ उपटतं म्हणे. मांडव उतरला की त्याच दिवशी सगळं उपटतो, असं साईनाथने हात जोडून सांगितलं.

देवरामने त्याची मानगूट धरली आणि त्याचं तोंड बांधाच्या मातीत दाबलं. साईनाथ पाय झाडायला लागला. मी ओरडले, राही ओरडली. मनस्वी घरातून आली, देवरामच्या पुढ्यात उभी राहिली. हात सुटला. साईनाथ माती थुंकत उठला, आणि देवराम पोरीकडे बघून म्हणाला की तुझ्यासाठी थांबतो. त्याला वाईट वाटलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी तो मुरबाडच्या बाजारात गेला आणि सगळ्या भावकीसाठी हळदीचे कपडे घेऊन आला. पुरुषांना कुर्ते, बायकांना साड्या, सगळं एकाच रंगाचं, पिवळंधमक. हल्ली हळदीला असंच लागतं. आपली पोर, आपला खर्च, असं तो छाती काढून सांगत होता.

मांडवाच्या दिवशी उंबराची फांदी आणायची असते. वाजतगाजत जायचं, उंबराची पूजा करायची, फांदी तोडायची आणि विहिरीच्या पाण्याने धुऊन मांडवाला बांधायची. उंबर साईनाथच्या वावराच्या पलीकडे, ओढ्याच्या काठी. नेहमी आम्ही गाडीवाटेने वळसा घालून जातो. कुऱ्हाडीचा मान देवरामचा होता. सकाळची उन्हं नुकती तापली होती, बँजो सुरू होता आणि अख्खी भावकी पिवळ्या कपड्यांत. देवरामने गाडीवाट सोडली आणि सरळ साईनाथच्या केवडा पडलेल्या वावरात पाय घातला.

साईनाथ मागून ओरडला, तिथून नको. देवराम वळला, कुऱ्हाड खांद्यावर, आणि हसून म्हणाला, "उपटायची नाय ना तुला? नको उपटू. आमी तुडवतो."

आणि तुडवली. झाडं कंबरेएवढी होती. बँजोच्या ठेक्यावर पोरं ती पायाखाली घेत होती, कोणी बुंधे मोडत होतं, कोणी पिवळी पानं ओरबाडून एकमेकांवर फेकत होतं. साईनाथ कडेला उभा राहून बघत होता. स्वतःच्या पोरीचं लग्न, तो काय बोलणार. झाडाझाडातून पांढरी राख उठत होती. जाताना तेवढीच आणि फांदी घेऊन येतानाही तेवढीच. मग सगळे बांध ओलांडून आमच्या वावरात शिरले आणि मधल्या पायवाटेने विहिरीवर आले, कारण फांदी आमच्या विहिरीवर धुवायची होती. फांदी धुतली, पुन्हा नाच झाला. विहिरीभोवती, भेंडीला खेटून, चांगला वेळ नाच झाला. देवरामच्या खांद्यावर पांढरं काहीबाही बसलं होतं. लहानी म्हणून आमची एक नणंद लागते, ती म्हणाली की दादाला कोंडा झालाय. सगळ्या हसल्या. देवरामने दोन्ही खांदे आमच्या भेंडीवर झटकले आणि पुन्हा नाचायला लागला.

लग्न छान झालं. मनस्वी वाशिंदला गेली. चार दिवस मला भाकरी गोड लागली नाही.

मांडव उतरायला पंधरवडा लागला. भावकीत एक म्हातारं गेलं, सुतक आलं, त्यात दिवस गेले. सुतक फिटलं तशी मनस्वी माहेरी आली. मांडव उतरला आणि साईनाथने शब्द पाळला. त्याच सकाळी तो, राही आणि दोन गडी वावरात शिरले आणि रोगी झाडं उपटायला लागले. पुरायला खड्डा अजून व्हायचा होता, म्हणून त्यांनी उपटलेली झाडं आमच्या बांधावर ढीग करून ठेवली. तेवढी एक गोष्ट त्याने अविचाराने केली.

त्याच सकाळी मी तोडणीला गेले आणि विहिरीजवळ मला पहिलं पान दिसलं. हिरव्या पानात पिवळी शीर. मग शेजारी दुसरं, मग पायवाटेला लागून एक एक. मी ते लपवायला बघत होते, खुडायला बघत होते, इतक्यात देवराम मागून आला. त्याने पान माझ्या हातातून घेतलं. मग मान वर करून बांधावरचा ढीग पाहिला.

आधी त्याने मला मारलं, कोपराने, तोंडावर. माझा पुढचा दात त्याच दिवशी गेला. मग तो बांधाकडे धावला. ढिगातलं एक झाड त्याने मुळासकट उचललं, साईनाथचे केस धरून त्याला गुडघ्यावर आणलं आणि ते झाड त्याच्या तोंडात कोंबायला लागला.

"खा," तो म्हणत होता. "तुजा रोग तूच खा. माज्या वावरात टाकतोस काय? खा."

साईनाथच्या ओठांतून रक्त आलं, दातांत मुळं आणि माती. त्याने देवरामचा अंगठा चावला, इतका की हाड लागलं असावं. देवराम आरडला आणि साईनाथ सुटला. हाताला लागलं ते फावडं त्याने फिरवलं. ते देवरामच्या बरगडीत बसलं आणि तो ढिगावर आडवा झाला. झाडांतून माश्या उठल्या. मला वाटलं आता संपलं. पण ढिगाशेजारी गड्याचा कोयता पडला होता.

देवराम उठला तो कोयता घेऊनच. साईनाथ मागे सरकत बांधाला अडखळून उताणा पडला. देवरामने कोयता दोन्ही हातांनी वर नेला. आणि मनस्वी धावत आली.

ती जन्मभर आली तशीच आली. बापाच्या आणि काकाच्या मधे उभी राहिली, उजवा हात वर करून, हिरवा चुडा मनगटावर. आजवर तिला बघून तो हात खाली आला नव्हता असं एकदाही झालं नव्हतं. तो या वेळीही खाली आला. फक्त या वेळी त्यात कोयता होता.

चुडा आधी फुटला. त्याचा आवाज मी ऐकला. मग तिने हात छातीशी धरला आणि माझ्याकडे बघितलं, जणू काही विचारत होती. तिची तीन बोटं मातीत पडली होती. मेंदीचा रंग अजून न गेलेली, अंगठी घातलेली तीन बोटं. राही किंचाळत नव्हती, ती खाली बसून ती बोटं गोळा करत होती. मी माझी तोडणीची पिशवी कंबरेवरून फाडली, भेंडी सांडली आणि पोरीचा हात तिच्यात गुंडाळला. देवराम उभा होता. कोयता त्याच्या हातातच होता आणि तो म्हणत होता, "मधी कशाला आली? मधी कशाला आली?"

जीप करून आम्ही मुरबाडला गेलो, तिथून कल्याणला. डॉक्टरांनी जीव तोडून केलं, पण बोटं मातीत फार वेळ पडली होती. ती बसली नाहीत. प्रणय आला, तिच्या उशाशी बसला आणि तिला पेज भरवायला लागला. कोणी काही बोललं तर तो नुसता चमचा पुढे करायचा. साईनाथने तक्रार दिली आणि देवरामला पोलिसांनी नेलं. पुढे जामीन झाला आणि तो घरी आला. मला त्याला वाढावं लागलं. त्या दिवसांत मी रोज त्याच्या ताटाकडे बघून काय काय विचार केले ते इथे सांगत नाही.

गावात मात्र वेगळंच शिजत होतं. देवराम सगळ्यांना एकच सांगत सुटला, की साईनाथने रोग मुद्दाम त्याच्या बांधावर आणून ओतला. हिरवीगार भेंडी डोळ्यांदेखत पिवळी पडली, कोणाचं डोकं फिरणार नाही? लोक मान डोलवायचे. वाईट म्हणजे साईनाथलाही ते पटलं. तो रात्रंदिवस त्या ढिगाचंच बोलत राहायचा. ढीग बांधावर टाकला नसता तर देवराम आला नसता, आणि देवराम आला नसता तर पोरीचा हात राहिला असता. माणूस खचला की त्याला फासासाठी आपल्याच गळ्याचं माप घ्यावंसं वाटतं.

आमच्या भावकीतलाच पोलीस पाटील रविंद्र याने देवळात बैठक बोलावली. ठरलेलं असं होतं, की दोन्हीकडची चूक, दोन्हीवर पांघरूण घालायचं. सगळ्यांनी एकच जबाब द्यायचा की कोयता गवत कापताना लागला. देवरामने मला चुलीपाशी येऊन समज दिली. तू बघितलंस, म्हणून तुझा जबाब मोठा. तिथे येऊन हो म्हणायचं आणि घरी यायचं. हे सांगताना त्याने माझा दंड धरला होता. मी हो म्हणाले. तेव्हा मी खरंच हो म्हणणार होते.

बैठकीच्या दिवशी सकाळी तो वावरात गेला. अंगात तोच पिवळा कुर्ता. लग्नकार्य झालं की आमच्याकडे हे कपडे कामाला लावतात, वावरात मळायला बरे. मी मागून पाणी घेऊन गेले. तो विहिरीजवळ वाकून पिवळी पानं बघत होता आणि त्याची पाठ माझ्याकडे होती.

पाठ पांढरी झाली होती. खांद्यापासून कमरेपर्यंत माश्या चिकटल्या होत्या, हलत होत्या, एकीवर एक चढत होत्या. बाजूच्या काठीवर तो चिकट पिवळा कागद, त्याच्यावरही तशाच. मी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा पाठीकडे. मग वावराकडे. बांधाकडची भेंडी, जिथे ढीग होता तिथली, अजून बरीचशी हिरवी. पिवळा पट्टा होता तो पायवाटेने, दोन्ही बाजूंनी, बांध ओलांडून आलो तिथपासून विहिरीपर्यंत. आणि विहिरीभोवती, जिथे नाच झाला तिथे, पिवळं रिंगण. ढीग पडला त्याच दिवशी हे पहिलं पान पिवळं होतं, आणि रोग दिसायला पंधरवडा लागतो. म्हणजे रोग ढिगातून आला नव्हता. तो वाजतगाजत आला होता.

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि त्याला म्हणाले की चारचौघांत जायचंय, हा मळका कुर्ता काढा, मी धुते. त्याने काढून माझ्या अंगावर फेकला. मी तो घडी करून पिशवीत घातला.

देवळात बायका एका बाजूला बसल्या होत्या. मनस्वी भिंतीला टेकलेली, हात गळ्यात बांधलेला, तोंड सुकलेलं. साईनाथ मान खाली घालून बोलत होता की चूक माजीच, माज्या ढिगानं पोरीचा हात खाल्ला, मी तक्रार मागे घेतो. रविंद्रने मान डोलवली आणि माझ्याकडे बघितलं. सकुबाई, तुमचं काय, असं विचारलं.

मी उठले. बोलायची सवय नाही, आवाज फाटला. "ढिगाचा काय संबंध नाय," मी म्हणाले. "वावरात चला, दाखवते. रोग यांच्या पाठीवरून आला."

देवराम उठायच्या आत मी चालायला लागले. लोक मागे आले. काही तमाशा बघायला आले असतील, आले हे खरं. पायवाटेच्या मधोमध मी एक काठी रोवली आणि तिच्यावर तो कुर्ता घातला, हात पसरून. मग कडेची दोन झाडं हलवली. राख उडाली. थोडा वेळ ती नुसती भिरभिरली, आणि मग सगळ्यांच्या देखत त्या कुर्त्यावर बसायला लागली. आधी खांदे, मग छाती. लहानीने तोंडावर पदर धरला. कोंडा झालाय असं तिनेच म्हटलं होतं. रविंद्रने पायवाटेच्या पिवळ्या पट्ट्याकडे बघितलं, मग विहिरीभोवतीच्या रिंगणाकडे. आपल्या घरी दोरीवर वाळत असलेला कुर्ता त्यालाही आठवला असणार.

"तुमीच सांगत होता ना येईल त्याला," मी देवरामला म्हणाले. "पिवळं दिसलं की आंधळ्या होतात. गाडीवाट सोडली कोणी? तुडवतो बोललं कोण?"

त्याने माझा गळा धरला. सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी. मी मागे भेंडीवर पडले, तो माझ्यावर. त्याचे अंगठे माझ्या नरड्यात रुतत होते, साईनाथने चावलेला तो अंगठाही, आणि वर आभाळात नुसती पांढरी माशी. मला आठवतं, मला भीती वाटली नाही. राग आला. इतक्या वर्षांचा राग एकदम आला. मी त्याच्या डोळ्यांत बोटं घातली.

लोकांनी त्याला ओढून काढलं. तो गुडघ्यावर होता, डोळे चोळत, आणि त्याच्या मागे साईनाथ उभा होता. त्याच्या हातात पहार होती, विहिरीजवळची. त्याचा चेहरा मी ओळखला नाही. जन्मभर हात जोडणारा माणूस, पण त्या क्षणी तो देवरामचं डोकं फोडणार होता आणि आमच्यापैकी कोणीही त्याला अडवणार नव्हतं. मी तर नाहीच.

पहार वर गेली. मनस्वी मधे आली.

पुन्हा. त्याच पोरीने, बांधलेला हात झोळीतून काढून वर धरला, पट्टीतून रक्ताचा डाग दिसत होता. पहार वरच्या वर थांबली.

"बाबा, मारलंस तर हे सुटतील आणि तू अडकशील," मनस्वी म्हणाली. आवाज शांत होता, प्रणयसारखा. "हात माजा गेलाय. गवत कापताना नाय गेला. कोणी तसं बोलायचं नाय."

साईनाथने पहार टाकली आणि तो पायवाटेवर बसून रडला. देवरामने मान वर केली. पोरीकडे नाही, त्या कुर्त्याकडे बघत होता. मग तो उठला, काठीवरून कुर्ता ओढला आणि जमिनीवर आपटायला लागला, धुणं आपटावं तसा. प्रत्येक आपटीला माश्या उडायच्या आणि परत येऊन त्याच्यावरच बसायच्या. तो थांबेना. बराच वेळ थांबला नाही. लोक एक एक करून निघून गेले.

मी त्या दिवशी घरी गेले नाही. राहीने माझी गोधडी आणि दोन लुगडी बांधापलीकडे आणून ठेवली. सगळं वावर आम्ही बायकांनी उपटलं, आमचं आणि त्यांचं, आणि खोल खड्डा करून पुरलं. मनस्वी डाव्या हाताने उपटत होती. मी नको म्हणाले, तर तिने ऐकलं नाही.

खटला मुरबाडच्या कोर्टात उभा राहिला तेव्हा गावातले निम्मे साक्षीदार आजारी पडले. मी गेले. पिंजऱ्यात उभी राहिले, हात वर करून शपथ घेतली. गळ्यावरचे डाग तोवर गेले होते, दात मात्र नव्हताच. समोर तो बसला होता, पांढऱ्या कपड्यांत. साहेबांनी माझं नाव विचारलं, मग नवऱ्याचं नाव विचारलं. मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या बायकांनी श्वास रोखला असेल.

"देवराम," मी म्हणाले.

मग साहेबांनी विचारलं की आरोपीला ओळखता का. मी मनस्वीकडे बघितलं. ती पहिल्या बाकावर होती, उजवा हात पदराखाली न झाकता मांडीवर उघडा ठेवून. मी त्या हाताकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ओळखते, हे त्याचं काम.